बाप सांगत नाही

दलित आत्मकथनांवर आजवर जे लिहून आलंय ते वाचताना मला एक गोष्ट सारखी खटकते. सगळे धरून चालतात की घरातली हकीकत घरात पडूनच होती, लेखकानं ती फक्त उचलली आणि कागदावर ठेवली. सवर्ण समीक्षक म्हणतो, 'प्रामाणिक दस्तऐवज'. डोळे पुसतो, पुरस्कार देतो, मोकळा होतो. आपल्यातला पांढरपेशा म्हणतो, 'कशाला उकिरडा उपसता?' 'बलुतं' १९७८ साली आलं तेव्हापासून हे दोन्ही सूर चालू आहेत. दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी. उकिरडा उघड्यावर आहे, कुणीही यावं आणि उपसावा. पण दोस्तहो, तो उघड्यावर नसतो. त्याच्यावर कुणीतरी बसलेलं असतं. बहुतेक वेळा बाप. कधी आई. आणि ते उठायला तयार नसतं.

म्हणून कुठलंही आत्मकथन हातात घेतलं की माझा पहिला सवाल असा असतो की ह्याला हे कुणी सांगितलं? आणि कुणी सांगितलं नाही? भाषा, शैली, अनुभवाची तीव्रता वगैरे प्राध्यापक मंडळींनी बघावं. मला ही चौकशी जास्त कामाची वाटते. कारण आपण चळवळीतली पोरं 'आमच्या बापजाद्यांनी भोगलं' असं भाषणात ठोकून देतो, आणि त्यातलं नेमकं काय भोगलं हे विचारलं तर पुस्तकातलं सांगतो. घरातलं सांगता येत नाही. घरातलं आपल्याला माहीतच नसतं.

बाबूराव बागुलांपासून सुरुवात करतो. त्यांच्या 'आई' कथेतल्या पोराला आईबद्दल जे कळतं ते आईकडून कळत नाही. शाळेतली पोरं तोंडावर फेकतात. वस्ती बोलते, आई गप्प. बागुल आईला दोषी ठरवत नाहीत आणि देवीही करत नाहीत, हे त्यांचं मोठेपण. ती बाई, विधवा, जगायला बघणारी. पण पोराच्या बाजूनं बघा. ज्या माणसानं सांगायला हवं त्यानं सांगितलं नाही की तीच गोष्ट दुश्मनाच्या तोंडून येते, आणि येताना शिवी होऊन येते. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचाच १९६३ चा संग्रह. त्या नावाच्या कथेतला नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो, खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही, आणि उघडकीला आल्यावर मार खातो. तिथं चोरणारा पोरगा आहे आणि ज्यांच्यापासून चोरली ते बाहेरचे. साठ वर्षांत ही चोरी घरात शिरली. आता बाप पोरापासून जात चोरतो. आडनाव बदलून गॅझेटला छापून आणतो, कॉलनीत घर घेतो, बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत लावतो, आणि पोराला शिष्यवृत्तीचा फॉर्म वाटताना वर्गात कळतं की आपण कोण.

आणि ही नुसती साहेब झालेल्यांची गोष्ट आहे असं समजू नका. झोपडीतसुद्धा हे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. नंतर घराघरात बुद्धवंदना आली, देव्हारे गेले. पण केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० पर्यंत नव्हत्या. मग शाळेत नाव घालताना कितीक बापांनी 'हिंदू-महार' लिहिलं आणि घरात सांगितलं, आपण बौद्ध. पोटासाठी केलं, मी त्याला गुन्हा म्हणत नाही. पण सांगायचं तरी! दहावीनंतर दाखला हातात आल्यावर पोराला वाटतं आपला बाप बावीस प्रतिज्ञा नुसत्या तोंडानं म्हणत होता. खरं कारण कायद्यात होतं. बापानं तोंड उघडलं असतं तर पोराचा राग सरकारवर गेला असता. तो बापावर गेला, आणि घरात दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. ह्याचा फायदा कुणाला, ते सांगायची गरज नाही.

ह्यापुढची पायरी रोहित वेमुलाची. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. त्यानंतर ज्यांनी उत्तर द्यायचं ते त्याच्या जातीचा शोध घेत बसले. आई राधिका माला जातीच्या, पण वाढल्या दुसऱ्या जातीच्या घरात. बाप सांगतो वड्डेरा. एका घराच्या पोटातली गुंतागुंत सरकारी कागदावर आली आणि तिचं हत्यार झालं. मे २०२४ मध्ये तेलंगणा पोलिसांनी तपास बंद करायचा अहवाल दिला, त्यात तो अनुसूचित जातीचा नव्हताच असं लिहिलं. ओरड झाली तेव्हा पुढं तपास करू म्हणाले. मेलेल्या पोराला जात सिद्ध करावी लागते, हा आपला देश.

आता 'अक्करमाशी'. शरणकुमार लिंबाळ्यांचं हे पुस्तक १९८४ चं, आणि आपल्याकडं ते 'लपवलेलं उघड करणारं' म्हणून वाचलं जातं. मला ते वाचन चुकीचं वाटतं. त्यात लपलेलं काय आहे? बाप पाटील आहे हे गावाला माहीत आहे. पोराला माहीत आहे, आईला माहीत आहे. लपवाछपवी फक्त कागदावर आहे. शाळेत बापाचं नाव काय लावायचं? हा सवाल भावनेचा नाही, मालमत्तेचा आहे. नाव दिलं की वाटा द्यावा लागतो. पाटलाला सगळं ठाऊक असूनही तो देत नाही. त्याला मी मौन म्हणणार नाही, ती सरळ मालकी आहे. आपल्या बापाच्या गप्प बसण्यात आणि ह्या पाटलाच्या गप्प बसण्यात जमीन-अस्मानाचा फरक, आणि तो न करता 'कुटुंबातील मौन' असा एकच शब्द दोघांवर चिकटवणारे समीक्षक मला पटत नाहीत. एक गोष्ट मात्र त्या पुस्तकाबद्दल म्हणावी लागेल. पोराचा राग आईवर जास्त निघतो. ती समोर आहे म्हणून. पाटील वाड्यात आहे. दहा-बारा वेळा वाचूनही मला असं वाटत राहतं की मसामाईला जितके सवाल पडले तितके हणमंता पाटलाला पडायला पाहिजे होते. लेखकाला हे कळत नाही असं नाही, पण जळणाऱ्याला दिशा कुठली सुचणार.

किशोर काळ्यांच्या 'कोल्हाट्याचं पोर'मध्ये (१९९४) हा कागदाचा सवाल त्यांनी आपल्या पद्धतीनं सोडवला. स्वतःच्या नावापुढं आईचं नाव लावलं, किशोर शांताबाई काळे. त्यात घरातला खोटारडा आजोबा आहे, लेकींच्या कमाईवर बसून खाणारा. तो प्रत्येक पिढीला सांगतो की आपली रीतच अशी. 'रीत' हा शब्द नीट ऐका. जिथं बाप-आजा 'आपली रीत' म्हणतो तिथं थांबायचं आणि ह्या रीतीचं कोण खातं ते बघायचं.

'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) ह्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या पोरांत ते सगळ्यात जास्त फिरतं आणि सगळ्यात कमी तपासलं जातं. दामोदर रुंजाजी जाधव ह्यांनी निवृत्तीनंतर, मुलाच्या आग्रहावरून, येईल तशा अक्षरात आठवणी लिहून काढल्या आणि नरेंद्र जाधवांनी त्यावर पुस्तक उभं केलं. म्हंजे इथं बाप बोलतो. सगळ्या मराठी दलित वाङ्मयात एवढा मोकळा बाप दुसरा नाही. पुस्तक मला आवडतं. बापाचा आवाज खणखणीत आहे, त्यात रडगाणं नाही. पण माझा सवाल राहतोच, हा बाप कुठल्या पोराला सांगतोय? अर्थतज्ज्ञ झालेल्या, रिझर्व्ह बँकेत गेलेल्या पोराला. तिथं सांगणं सोपं जातं. कारण भोगलेलं सगळं त्या यशाची पायरी होऊन जातं. उपाशी राहिलो – पोरगा डॉक्टरेट झाला. मार खाल्ला – पोरगा परदेशात गेला. हिशोब जुळतो. आता रिंगखात्यात डॉफर असलेल्या, रातपाळी करून सकाळी कापसाच्या धुळीनं पांढरा होऊन आलेल्या पोराला बापानं तीच हकीकत कशी सांगावी? त्याच्यापुढं तीच हकीकत हार वाटते. पायऱ्या आहेत आणि वर काहीच नाही. म्हणून बाप गप्प बसतो किंवा थोडं फिरवून सांगतो. ह्या पुस्तकाच्या यशामुळं लोकांना वाटायला लागलंय की विचारलं की बाप सांगतो. नाही सांगत. ज्याची पोरं वर गेली तो सांगतो. आणि अशांची गिनती आपल्या वस्तीत बोटावर होते.

फिरवून सांगणं म्हंजे काय ते माझ्याच घरातलं सांगतो, कारण ह्यात पुस्तकापेक्षा जास्त कळतं.

माझा आजा १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात जेलमध्ये गेला होता. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी उभा केलेला, देशभर पेटलेला तो सत्याग्रह. दर चौदा एप्रिलला आबा (माझे वडील) ही गोष्ट सांगतात. आज्यानं भाकरी कशी बांधून नेली, पोलिसाला काय म्हणाला, सगळं पाठ आहे. मीही लहानपणापासून फुगून ऐकत आलो. त्या गोष्टीत एक वाक्य नेहमी असायचं, 'आपल्याला बोटभर जमीन न्हवती.' दोन वर्षांमागं जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागला म्हणून तहसिलात जुने फेरफार काढले. त्यात आज्याचं नाव. वतनाची जमीन, रीग्रँट झालेली, एक एकराच्या आतबाहेर.

घरी येऊन विचारलं, "आबा, वतनाची जमीन हुती आपल्याला?"

"न्हवती."

"फेरफारात नाव हाय की."

"आसंल. कागदावर लई काय काय आसतं. तुला कशाला पायजे?"

तेवढ्यावर विषय संपला. आठ दिवस जेवायला एकत्र बसले नाहीत. शेवटी आत्त्यानं सांगितलं. आजीच्या दुखण्यात आज्यानं ती जमीन गावातल्या बड्या शेतकऱ्याकडं तोंडी लावून दिली, शेदोनशे रुपयाला. आज्या जेलमध्ये गेला तेव्हा त्याच्याच जमिनीत दुसऱ्याचा नांगर चालला होता. हे सांगायला आबांना लाज वाटते. सत्याग्रहीचा पोरगा व्हायला बरं वाटतं, जमीन घालवणाऱ्याचा पोरगा व्हायला नाही.

ह्यातली नुसती लाज बघून भागत नाही. कायदा बघा. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कौन्सिलात बिल आणलं होतं. वतनं प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कायद्यानं, १ ऑगस्ट १९५९ पासून. जमिनी सारा भरून परत मिळाल्या, पण नव्या शर्तीवर. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायच्या नाहीत, वाटायच्या नाहीत. हेतू चांगला. पण गावात झालं काय, की विक्री कागदावर होत नाही म्हणून तोंडावर व्हायला लागली. नाव महाराचं, पीक दुसऱ्याचं. आता अशा व्यवहाराला कागद नाही, म्हंजे त्याचा पुरावा काय? माणसाची आठवण. बाप हाच साक्षीदार. तो म्हणाला 'न्हवती', की जमीन दुसऱ्यांदा गेली. पहिल्यांदा सावकारानं घेतली, दुसऱ्यांदा बापाच्या गप्प बसण्यानं त्याला पक्की झाली. म्हणून मी म्हणतो, घरातली माहिती ही आठवणींची पेटी नाही, ती मालमत्ता आहे, हक्क आहे. दाखला, पडताळणी, सातबारा, सगळं बापाच्या तोंडातून जातं.

आणि आता कवितेकडं येतो. आपल्या अंकांकडं येणाऱ्या दहा कवितांतल्या सहा बापावर असतात. त्यात बाप राबतो, त्याच्या टाचा फुटलेल्या असतात, हाताला घट्टे, तो कधी बोलत नाही, आणि शेवटच्या कडव्यात त्याचं न बोलणं आभाळाएवढं होतं. हा साचा कुठून आला? सदाशिवपेठेनं 'सोशीक माउली' केली, आपण 'सोशीक बाप' केला. गप्प बसणाऱ्याला महान केलं की विचारायची गरज उरत नाही. कवी मोकळा, बापही मोकळा. तो बाप रात्री आईला काय बोलला, दुसरं लग्न केलं का, घरातला पैसा कुठं गेला, ह्यातलं काही त्या कवितेत येत नाही. ढसाळांच्या रांगेतले म्हणवून घेणारे आपण, शहरातलं गटार कवितेत आणलं ह्याचा अभिमान सांगतो, आणि उंबऱ्याच्या आत आलो की चप्पल काढून हळू बोलतो.

सगळ्याच न सांगण्याला मी एका मापानं मोजत नाही. काही कार्यकर्ते म्हाताऱ्या बायांपुढं मोबाईल धरतात आणि विचारतात, तुम्ही मुरळी होता का, तुम्हाला देवाला वाहिलं होतं का, समाजासाठी सांगा. त्या बाईनं आयुष्यभर ते एक गाठोडं बांधून ठेवलं. ते सोडायचं का नाही हा तिचा हक्क. तिच्या गप्प बसण्यानं दुसऱ्या कुणाचं काही जात नाही. माझ्या आजीनं तिचं तसं काही सांगितलं नसतं तर मी तिला कठड्यात उभं केलं नसतं. बापाचं वेगळं. त्याच्या गप्प बसण्यावर पोराचा दाखला, लेकीचा वाटा, बायकोचं जगणं अडतं. कुणाची किंमत जाते ते बघून ठरवायचं. ह्याच्यापेक्षा बारीक तराजू माझ्याकडं नाही.

ह्या तराजूवर 'जिणं आमुचं' ठेवलं की काटा थरथरतो. बेबीताई कांबळे ह्यांचं हे लिखाण १९८२ ला 'स्त्री' मासिकात येऊ लागलं, १९८६ ला पुस्तक झालं. त्याआधी वीसेक वर्षं त्यांनी ते घरातल्यांपासून लपवून ठेवलं होतं. किराणा दुकान चालवणारी बाई, दुपारी सवड मिळाली की लिहायची आणि वही दडवायची. पुस्तकात महारवाड्यातल्या सुनांचं जे आहे ते वाचवत नाही. सासू, नवरा, मार, नाक कापणं. स्वतःच्या बापानं मोठेपणासाठी आईला घरात कसं कोंडून ठेवलं तेही आहे. म्हंजे बापाला त्यांनी सोडलं नाही. पण स्वतःचा नवरा? जवळजवळ नाही. पुढं २००८ ला इंग्रजी भाषांतर आलं, त्यातल्या मुलाखतीत त्यांनी सांगितलं की नवरा संशय घ्यायचा, मारायचा. पुस्तकात का नाही? कारण त्यांना एकटीचं सांगायचं नव्हतं, समाजाचं सांगायचं होतं.

हे उत्तर ऐकून आपले लोक माना डोलावतात. माझी मान डोलत नाही. 'समाजासाठी' म्हणून गप्प बसायचं, हेच तर आबा म्हणतात. आज्याचं नाव खराब होईल, समाज काय म्हणेल. शब्द तोच. फरक असा की बेबीताई बोलल्या असत्या तर घरात मार त्यांना बसला असता. आबा बोलले असते तर त्यांची फक्त मान खाली गेली असती. म्हणून बेबीताईंना मी जाब विचारणार नाही. पण त्यांच्या पुस्तकात जी जागा रिकामी आहे ती भरलेली आहे असंही समीक्षेत लिहू नये. 'दलित स्त्रीच्या दुहेरी शोषणाचे परिपूर्ण चित्रण' असं कुणी लिहिलेलं वाचलं की मला हसू येतं. परिपूर्ण कुठलं? वही दडवून लिहिलेल्या बाईला परिपूर्ण लिहिता येईल का? जे वगळलं त्याच्यासकट ते मोठं पुस्तक आहे, आणि जे वगळलं ते कुणाच्या धाकानं वगळलं हे लिहिणं समीक्षेचं काम आहे. तो धाक ब्राह्मणाचा नव्हता.

ही रिकामी जागा भरायला सतरा वर्षं लागली. २००३ ला ऊर्मिला पवारांचं 'आयदान' आलं. कोकणातलं घर, बाप लवकर गेलेला, आई बांबूची आयदानं विणून पोरं वाढवणारी. आई तिथंही फार बोलत नाही, तिचे हात चालतात. पण लेक बोलते. नवऱ्यानं शिकायला, लिहायला, सभांना जायला कसा विरोध केला ते नाव घेऊन, घरातल्या घरात काय शब्द झाले त्यासकट लिहिते. स्वतःच्या शरीराबद्दल लिहिते. आपल्याच चळवळीतले पुरुष कार्यकर्ते बायांच्या कामाकडं कसं बघत होते तेही लिहिते. पुस्तकावर आपल्यातूनच नाकं मुरडली गेली, घरचं कशाला बाहेर, असं. मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. ह्या वेळी लिहिणारी स्वतः आई होती, तिच्या लेकी जाणत्या होत्या. आपल्या आईबापांच्या संसारात काय झालं हे त्या लेकींना शेजारणीकडून किंवा आत्याकडून कळलं नाही. आईनंच लिहिलेलं, छापील, त्यांना वाचता आलं.